मानेवरचे ओझे

तीस वर्षे झाली, मी बीड जिल्ह्यात शेतीचा सल्ला देत हिंडतो आहे. कपाशीवर बोंडअळी पडली, तुरीला मर लागली की लोक मला विचारतात. पण मान धरली, पाठीत चमक निघाली, हे कुणी मला विचारले नाही आणि मीही कुणाला विचारले नाही. आज त्यावरच चार शब्द लिहितो, कारण चूक माझी आहे.

सुरुवात माझ्याच मानेपासून झाली. दिवसभर मोटारसायकलवर फिरायचे आणि संध्याकाळी मान खाली घालून नोंदी करायच्या. पूर्वी वहीत करायचो, आता मोबाईलवर. पन्नाशी उलटली आणि मान व दोन्ही फऱ्यांमधली जागा ठणकू लागली. बाम चोळला, पट्टा बांधला, उशी बदलली. सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घेतली. हा उद्योग तुम्ही चुकूनही करू नका. त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला किंवा नसेला इजा होऊ शकते.

शेवटी सौभाग्यवतीने दवाखान्यात पाठवले. एक्स-रेमध्ये मणक्यांची थोडी झीज दिसली. या वयात ती बहुतेकांना असतेच, असे सांगून डॉक्टरांनी मला व्यायामोपचार करणाऱ्या एका तरुण मुलीकडे धाडले. ती म्हणाली, "काका, डोके चार-पाच किलोचे असते. ते खांद्यांच्या बरोबर वर असले तर मणका सहज तोलतो. पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते दिवसभर ओढून धरावे लागते." मला लगेच पटले. भरलेली कळशी कडेवर हलकी वाटते, हात लांब करून धरली तर जड होते, तसेच हे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली हिशेब मांडला, की मान ६० अंशांत झुकली तर मणक्यावर सुमारे २७ किलो भार येतो. म्हणजे युरियाच्या अर्ध्या गोणीहून जास्त.

तिने दिलेले व्यायाम मी सुरू केले. पहिले पंधरा दिवस काहीच फरक वाटला नाही. दीड-दोन महिन्यांनी मात्र मान मोकळी झाली.

पुढे धारूर तालुक्यात एका गावी शेतीशाळा होती. बायका जमेपर्यंत मी लिंबाखाली उभा राहून हनुवटी मागे घेत होतो. साठीच्या एक मावशी हसून म्हणाल्या, "साहेब, हे काय कोंबड्यावानी करताय?" मी व्यायाम म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "आमी दिवसभर वाकतो, उठतो, मोळ्या वाहतो. आमाला कशाला पाहिजे येयाम?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर असे, की काम शरीराला एकाच बाजूला वाकवते. खुरपणी असो, कापूस वेचणी असो की ऊसतोड असो, मान पुढे, खांदे पुढे आणि पाठ गोल. छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे ताणून थकतात. एकाच दिशेने नांगरट केली तर माती एका बांधाला चढते, मग उलटी नांगरट करावी लागते. व्यायाम म्हणजे ती उलटी नांगरट.

त्या दिवशी बायकांना दाखवले ते चार प्रकार असे :

पहिला : ताठ बसावे, नजर समोर. मान वर-खाली न करता हनुवटी सरळ मागे घ्यावी. पाच मोजेपर्यंत धरावी, सोडावी. असे दहा वेळा.

दुसरा : खांदे कानाकडे न उचलता दोन्ही फरे मागे एकमेकांजवळ आणावेत. पाच आकडे धरावेत. दहा वेळा.

तिसरा : दाराच्या चौकटीत उभे राहून दोन्ही कोपरे खांद्याइतकी वर चौकटीला टेकवावीत आणि एक पाऊल पुढे टाकावे. छाती ताणली जाईल. वीस मोजावे. तीन वेळा.

चौथा : कपाळावर तळहात ठेवून कपाळाने हाताला हळू रेटावे, हाताने अडवावे. मान हलू देऊ नये. तसेच डोक्यामागे आणि दोन्ही बाजूंना. पाच-पाच आकडे.

सगळ्याला दहा मिनिटे पुरतात. थोडा ताण जाणवला तर चालेल, पण कळ आली की थांबावे. मोबाईल डोळ्यांसमोर धरावा. फवारणीचा पंप दोन्ही पट्ट्यांनी पाठीशी घट्ट बांधावा. वेचणीची पिशवी गळ्यात जड होऊ देऊ नये, लवकर रिकामी करावी.

सगळ्या पांगल्यावर मावशी मागे थांबल्या. "माझ्या हाताला मुंग्या येतात, भाकर थापताना पीठ हातातून पडतं," म्हणाल्या. वीसहून जास्त हंगाम त्यांनी उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकवर चढवल्या होत्या. मी त्यांना व्यायाम करू नका म्हणालो. हाताला बधिरपणा, पकड ढिली होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप येणे किंवा पडल्यानंतर मान दुखणे, ही लक्षणे असली तर घरी काही करत बसू नये, थेट डॉक्टर गाठावा. मी त्यांना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायला सांगितले. "उचल घेतलीय साहेब," एवढेच त्या म्हणाल्या.

उचल काय असते ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. मजुरी टनावर, एक दिवस बसले तर खाडा. त्यांना मोळी हलकी बांधा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पण सुनेने ऐकले आणि त्यांना घेऊन गेली. नस दबली होती. डॉक्टरांनी डोक्यावरचे ओझे कायमचे बंद केले. त्या हंगामात मुलगा आणि सून कोयत्यावर गेले, मावशी नातवंडांना घेऊन गावी राहिल्या. घराची कमाई घटली, पण पोरांची शाळा बुडाली नाही.

त्या घरी मी दहा वर्षे जात होतो. कपाशी पाहिली, शेळ्या पाहिल्या, मावशींच्या हातचा चहा प्यायलो. त्यांची मान कशी आहे, हे कधी विचारले नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाची खांदेमळणी करतो. खांदा सुजला असेल तर त्याला औताला जुंपत नाही. घरात जी ओझी वाहते तिच्या मानेची एवढी तरी विचारपूस आज संध्याकाळी करा. आणि ते चार व्यायाम दोघे मिळून करा.