डोळा राखून

जत्रेत तंबूतला सिनेमा लागला, की आजी सगळ्यांत पुढे फतकल मारून बसायची. पडद्यावर निळू फुले आले, की तिचा हात पदराकडे जायचा आणि मग कडाकडा बोटं मोडली जायची. "मेल्याची नजर बघ!" निळूभाऊंनी अजून तोंडही उघडलेलं नसायचं.

हा माणूस तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होता, तुटपुंज्या पगारातले पैसे राष्ट्र सेवा दलाला देत होता, हे आजीला कधी कळलं नाही. सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना गावोगाव नेलं आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'ने पडद्यावर आणलं. त्यांचा झेलेअण्णा लोकांच्या मनात जो बसला, तो बसलाच.

'सामना' मी पुष्कळ उशिरा पाहिला. जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा धनी. सगळं गाव त्याच्या मुठीत. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर त्याला नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल पुन्हा पुन्हा विचारतो. हिंदुरावाच्या जागी दुसरा कुणी असता, तर गरजला असता. निळूभाऊ आवाज खाली ठेवतात, जरा थांबतात, आणि त्या थांबण्यात अख्ख्या तालुक्याची दहशत उभी राहते. १९७९च्या 'सिंहासन'मध्ये तर सत्ताच त्यांच्या हातात नाही. पत्रकार दिगू टिपणीस होऊन ते नुसते ऐकतात, बघतात. बघून बघून इतकं साठतं, की शेवटी दिगूचं भानच सुटतं आणि तो वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला होता.

पडद्यावर ज्याने गरिबाला नाडलं, तो पडद्याबाहेर कार्यकर्त्यांचा आधार होता. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंच्या बरोबरीने त्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. चळवळीत आयुष्य घालवणाऱ्यांच्या घरी चार पैसे पोचावेत म्हणून. १३ जुलै २००९ रोजी ते गेले.

आमच्या परसातला गुलाब छाटायला एक माळीकाका यायचे. भरल्या फांद्या सपासप उतरवायचे. माझा जीव तुटायचा. मग ते फांदीवरचा बारीकसा फुगीर कोंब बोटाने दाखवायचे. "हा डोळा. ह्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा. बाकीचं गेलं, की सगळा रस इथं येतो."

आता निळूभाऊंचा सिनेमा लागला, की मला माळीकाका आठवतात. हातवारे छाटले, आरडाओरडा छाटला, शब्दसुद्धा छाटले. डोळा तेवढा राखला. तंबूत पुढे बसलेल्या माझ्या आजीने तो बरोबर ओळखला होता.