चाळिसावी नोंद

येवगेनी झाम्यातिनची ‘आम्ही’ ही कादंबरी मी अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गात विज्ञानावरील आरोपपत्र म्हणून शिकविली. हे वाचन अपुरे होते, हे उशिरा उमगले.

झाम्यातिन स्वतः जहाजबांधणीचा अभियंता. १९२०-२१ मध्ये लिहिलेली ही कृती १९२४ मध्ये इंग्रजी अनुवादरूपाने प्रसिद्ध झाली. सोव्हिएत रशियात ती छापली जाण्यास १९८८ उजाडावे लागले. तिचा निवेदक डी-५०३ गणिती आहे. पण उणे एकच्या वर्गमूळाने तो शाळकरी वयापासून अस्वस्थ आहे. आय-३३० त्याला अखेरची क्रांती नाकारताना अखेरची संख्या कोणती, असे विचारते. म्हणजे ज्या शास्त्राने त्याला आज्ञाधारक केले, त्यातच बंडाचे बीजही आहे. सत्तेला विज्ञान नको असते. शंका वजा केलेली त्याची उत्तरे तेवढी हवी असतात.

म्हणूनच शेवटी शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढली जाते. चाळिसाव्या, अखेरच्या नोंदीत आय-३३०चा छळ तो शांतपणे पाहतो आणि तितक्याच स्वच्छ वाक्यांत नोंदवितो. समाजाचे कोसळणे मी हिरव्या भिंतीच्या भगदाडात शोधीत होतो. ते या नितळ गद्यात होते.

परीक्षक म्हणून अशाच निःशंक, नेटक्या उत्तरांना मी अधिक गुण देत आलो. एका विद्यार्थिनीने अडखळत लिहिले होते, की अखेरच्या नोंदीची भाषा आपल्याला आवडली आणि त्या आवडण्याचीच भीती वाटली. समासात मी ‘अस्पष्ट’ असा शेरा मारला होता. त्या कादंबरीविषयी माझ्या वर्गात लिहिले गेलेले ते सर्वांत अचूक वाक्य होते.