उच्चारशुद्धीचे दहा गुण

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनं निघालं की तळेगावपर्यंत डब्यात एक मराठी ऐकू येते आणि तळेगावनंतर दुसरी. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेली मंडळी चिंचवड-आकुर्डीला उतरून जातात. वडगाव, कान्हे येईस्तोवर डब्यात उरतात ती शहरात दूध घालून रिकाम्या कॅनसकट घरी परतणारी माणसं, आणि मग आवाज मोठे होतात. "आरं, त्यो कवाच ग्येला." "मपलं क्यान कुटंय?" माझ्या आईचं माहेर पवन मावळातलं. लग्न होऊन पुण्याला आल्यावर तिनं ‘मपलं’ (माझं) आणि ‘तुपलं’ (तुझं) हे शब्द तोंडातून काढून टाकले. कुणी तसं बजावलं होतं असं नाही. वाड्यातल्या नळावर एकदा बायका हसल्या, तेवढं पुरलं. मामा आला की मात्र स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन दोघं तासन्‌तास त्या भाषेत बोलत. लोकलमध्ये कुणी ‘मपलं’ म्हणालं की मला अजून त्या लोटलेल्या दाराआडचा आईचा आवाज ऐकू येतो.

मी निघाले होते पवनानगरला. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, आणि त्या भागातल्या एका शाळेनं वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. मराठी आणि इंग्रजी असे दोन गट, आणि दोन्हींना परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. गुणपत्रिकेचा नमुना आधीच मोबाइलवर आला होता. विषयाची मांडणी, आत्मविश्वास, हावभाव, आणि शेवटचा रकाना ‘उच्चारशुद्धी : १० गुण’. ह्या दहा गुणांनी माझी झोप उडवली होती. म्हणून एक दिवस आधीच निघाले. मुलं ज्या खोऱ्यातून बोलायला येणार ते खोरं आधी ऐकावं असं वाटलं.

कामशेतला उतरले. जीपवाला "कॉलनी, कॉलनी" असा पुकारा करत होता. पवनानगर हे पाटीवरचं नाव; इथल्या तोंडी ते काले कॉलनी. पवना धरण बांधताना पाटबंधारे खात्यानं काले गावाजवळ कर्मचाऱ्यांची वसाहत केली. धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरं झालं, पाणी पिंपरी-चिंचवडला गेलं, ज्यांची शेतं बुडाली त्यांच्यातल्या कितीतरी कुटुंबांचं पुनर्वसन अजून अर्धवट आहे, आणि मागं हा इंग्रजी शब्द राहिला. तो इतका मुरलाय की म्हाताऱ्या बायकासुद्धा "कॉलनीत बाजाराला चाललोय" म्हणतात.

वाटेत बेडशाच्या लेण्यांपाशी उतरले. कार्ल्याला गर्दी असते; बेडशाच्या पायऱ्यांवर सकाळच्या वेळी माणूस भेटत नाही. चैत्यगृहाच्या ओसरीतले ते उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावरचे घोडे-हत्ती पाहायला लोक येतात. मी आले होते ते तिथल्या एका दारावरच्या छोट्या लेखासाठी. नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुष्पणक ह्यानं दिलेलं दान, एवढाच त्याचा मजकूर. अक्षर ब्राह्मी, भाषा प्राकृत. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या घाटवाटांनी जाणाऱ्या व्यापाऱ्यानं दगडात कोरायला लोकांची बोली घेतली. पुढं संस्कृत नाटकांत प्राकृतच बायकांच्या आणि नोकरांच्या तोंडी घातली गेली, राजा आणि बहुतेक ब्राह्मण संस्कृत बोलत. कोण कसं बोलतो त्यावरून त्याची पायरी ठरवण्याची खोड तेव्हापासूनची आहे.

बेडशाला आणखी एक गोष्ट डोक्यात आली आणि पुढचे दोन दिवस तिनं मला सोडलं नाही. प्राकृताचे जुने व्याकरणकार सांगतात की महाराष्ट्री प्राकृतात संस्कृतातल्या ‘न’चा सगळीकडे ‘ण’ होतो. संस्कृतातलं पानीय असंच पाणिअ झालं, आणि त्यातून आलं आपलं पाणी. म्हणजे एके काळी ‘ण’ हाच गावंढळ उच्चार होता! आज मावळातलं पोर ‘पानी’ म्हणालं की पुण्यात हशा पिकतो. तोच शब्द तोच माणूस हिंदीत बोलला तर कुणाच्या भुवया वर जात नाहीत.

येळशाला एका ओळखीच्यांचं गुलाबाचं पॉलिहाउस आहे. पवन मावळात भाताच्या खाचरांशेजारी प्लास्टिकची ही पांढरी छपरं आता जागोजाग दिसतात. १४ फेब्रुवारीच्या ‘व्हॅलेंटाइन डे’साठी परदेशी आणि दिल्ली-मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या फुलांची तोड जानेवारीच्या अखेरीला सुरू होते, त्यामुळे आत कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. प्रतवारीच्या टेबलापाशी साठीच्या एक काकू होत्या. नऊवारी, त्यावर पुरुषी शर्ट, हातात काटे लागू नयेत म्हणून मोजे.

"ह्यो टापशिक्रेट," त्यांनी लाल गुलाबाची जुडी माझ्यापुढं धरली. "ह्यो पिवळा गोल्डश्ट्राइक. भाईर द्येशी जायाला चाळीस-पन्नास शेंटीची दांडी लागती. आन्‌ बड असं गच्च पायजे. उमाललं की रिजेक. फुलल्यालं फूल दिसाया ग्वाड, पन त्ये इमानात टिकनार न्हाय ताई."

मग त्यांनी एक पान उलटं करून दाखवलं. जांभळट डाग. "डावणी." डाऊनी मिल्ड्यू हा त्या रोगाचा इंग्रजी पुस्तकातला उच्चार. द्राक्षवाल्यांपासून गुलाबवाल्यांपर्यंत राज्यातले शेतकरी त्याला डावणीच म्हणतात, औषधाच्या दुकानात तेच चालतं. कृषी पदवीधर सल्लागारही बांधावर आला की डावणीच म्हणतो. हजारो रुपयांचं पीक ज्या शब्दावर वाचतं किंवा जातं, त्या शब्दाला कुणी अशुद्ध म्हणत नाही. काकू चौथी शिकल्यात. एका फुलाकडं पाहून त्याची जात, लांबी, प्रत, रोग आणि ते कोणत्या बाजारात जाणार हे सगळं त्या अशा इंग्रजीत सांगतात, जी कुठल्याही शाळेत नापास होईल.

फुलं विकणाऱ्या बाईची भाषा हा तर जगप्रसिद्ध विषय. बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९१३ साली व्हिएन्नात रंगमंचावर आलं, पुढच्या वर्षी लंडनला. रस्त्यावर फुलं विकणाऱ्या एलायझाचे उच्चार बदलून ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक तिला सरदार घराण्यातली म्हणून खपवून दाखवतो. १९७५ साली पु. लं.नी त्याची ‘ती फुलराणी’ केली आणि भक्ती बर्वेंनी मंजुळा अजरामर केली. ते नाटक मराठीत इतकं सहज बसलं ह्याचं कारण लंडनमध्ये जी उतरंड होती ती आपल्याकडेही जशीच्या तशी होती. आमच्या पिढीनं मंजुळेवर जीव टाकला. तिचा राग कशाबद्दल आहे हे मात्र नाट्यगृहाबाहेर पडल्यावर फार कमी जणांनी मनात ठेवलं.

काकूंना मी विचारलं, जात्यावरच्या ओव्या येतात का? "यायच्या," म्हणाल्या, "आता गिरनी हाय." पण हात चालू ठेवून त्यांनी एक म्हटली. मुळशी-मावळच्या डोंगरी भागात फिरून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी ज्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, त्यांचा आकडा पुढं एक लाखाच्या वर गेला. त्यांचं मला सर्वात मोलाचं वाटतं ते हे की बाई जशी म्हणाली तशीच ओवी त्यांनी लिहून घेतली. ‘सुधारली’ असती तर तिचा ठेकाच मोडला असता.

संध्याकाळी पवनेच्या जलाशयाकाठी आले. समोर तिकोना, पाण्यापलीकडं तुंगचा सुळका, मागं लोहगड-विसापूर. काठानं तंबूंच्या रांगा. शनिवार असल्यानं मुंबई-पुण्याची तरुण मंडळी गाड्या भरभरून आली होती. मी जिथं उतरले तिथली व्यवस्था पाहणारा मुलगा बाविशीचा. बुकिंगचे फोन हिंदीत, आचाऱ्याशी मावळीत, माझ्याशी शाळेतल्या मराठीत, पाहुण्यांशी इंग्रजीत. एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना त्याला क्षणभरही थांबावं लागत नव्हतं.

अंधार पडता पडता पाच-सहा जण पाण्याकडं निघाले. हा धावत गेला आणि आडवा उभा राहिला. "सर, व्हेरी डीप. नो गोइंग. नाईट, नो गोइंग." ते थांबले. पण माघारी येताना त्यांच्यातल्या एकानं त्याचीच नक्कल केली, "नो गोइंग, नो गोइंग," आणि बाकीचे हसले. नंतर शेकोटीभोवती रात्रभर तो त्यांचा परवलीचा शब्द झाला.

पवनेत दर वर्षी माणसं बुडतात. काठ उथळ वाटतो आणि एकदम खोल होतो, खाली जुन्या शेतांचे बांध आणि गाळ आहे. त्या मुलाच्या वाक्यात काय कमी होतं? धोका, जागा, वेळ, मनाई, सगळं होतं, आणि ते ऐकणाऱ्याला पोचलंही. ज्यांचे प्राण राखले त्यांनी त्याच्या व्याकरणाला हसावं, ह्याचा मला आलेला संताप अजून उतरलेला नाही.

त्याला मी विचारलं, इंग्रजी कुठं शिकलास? "जिल्हा परिषदेच्या शाळंत, मावशी. पयलीपास्नं." ह्या पयलीपास्नंला इतिहास आहे. बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मुंबई प्रांतात इंग्रजी आठवीवर नेलं होतं. पुढं ते पाचवीवर आलं. २००० साली प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. मोरे सर इथल्याच पट्ट्यातले, चिंचवडचं प्रेक्षागृह त्यांच्या नावाचं. खेड्यातल्या पोराला इंग्रजीचं दार बंद राहू नये ही त्यांची तळमळ होती, आणि ह्या मुलाच्या पोटापाण्याकडं पाहिलं तर ती फळाला आली. दार उघडलं. आत बसलेल्यांनी त्याच्या चालीला हसायचं काही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा. मराठी गटात सातवीतली एक मुलगी धरणापलीकडच्या वाडीतून आली होती. विषय ‘माझं गाव’. बाकीच्यांची भाषणं पाठ केलेली, सुविचारांनी भरलेली. हिनं हात मागं बांधले आणि आजोबांचं शेत कुठं बुडालं तिथून सुरुवात केली. "उनाळ्यात पानी खाली ग्येलं की आज्याला मपलं शेत म्हनून बांध दावता येतो," म्हणाली. पुढं म्हणाली, "पानी आमच्या दारात हाय, पन आमच्या नळाला न्हाय." मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी उच्चारशुद्धीत तिला दहापैकी तीन दिले. माणूस भला, प्रामाणिक. रकान्यात जे मागितलं होतं तेच त्यांनी केलं.

चहाच्या वेळी मी त्यांना आणि शाळेच्या सरांना विल्यम लबॉव्ह ह्या भाषाशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १९६२ साली न्यूयॉर्कमधल्या श्रीमंती, मध्यम आणि स्वस्त अशा तीन मोठ्या दुकानांत जाऊन त्यानं नोकरांना अशी वस्तू विचारली, जी चौथ्या मजल्यावर आहे. उत्तर एकच, ‘फोर्थ फ्लोअर’. त्यातला ‘र’ किती जण उच्चारतात एवढंच तो टिपत होता. दुकान जितकं उंची, तितका ‘र’ जास्त. न्यूयॉर्कात ‘र’ गाळणं हलकं समजलं जाई. आणि लंडनला? तिथल्या खानदानी इंग्रजीत ह्याच जागचा ‘र’ गाळतात, तो उच्चारला तर माणूस खेड्यातला ठरतो. समुद्राच्या एका काठावर जो उच्चार नोकराचा, तोच दुसऱ्या काठावर मालकाचा. पाणी-पानीचं आपल्याकडं तेच आहे. आणि ज्या प्रमाण मराठीच्या नावानं आपण गुण कापतो, ती एकोणिसाव्या शतकात क्रमिक पुस्तकांतून घडत होती तेव्हा त्या पुस्तकांवर अखेरचा हात मेजर टॉमस कँडी ह्या इंग्रज गृहस्थांचा फिरत असे.

शेजारच्या परीक्षकांना हे पटलं. सर मात्र गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, मला सगळं मान्य आहे. मी स्वतः ह्याच वाडीतला. पण उद्या ही पोरगी जिल्ह्याला गेली, तिथं तिचे सात मार्क कापले, आणि नंतर मुलाखतीत कुणी तिच्या ‘पानी’ला हसलं, तर तिला मी काय सांगू? बोली गोड असते म्हणून सांगू?"

हा प्रश्न खरा होता आणि त्याला टाळ्यांचं उत्तर चालणार नव्हतं. मी म्हटलं, तिला ‘पाणी’ शिकवाच. वर्तमानपत्रात, परीक्षेत, कचेरीत काय चालतं ते नेमकं शिकवा, कसून शिकवा. पण ते आणखी एक बोलणं म्हणून शिकवा, घरचं चूक आहे म्हणून नको. काल तळ्यावरचा मुलगा चार भाषा बोलत होता, त्यातली एकही त्याला दुसरी विसरून आलेली नाही. आणि वक्तृत्वाच्या स्पर्धेत बघायचंच असेल तर एवढं बघा की शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचतो का आणि ऐकणाऱ्याला कळतो का.

सर जरा वेळ विचार करत राहिले. "मग हे लेखी द्या," ते म्हणाले. "आमच्या तोंडी सांगण्यानं वर कुणी हलत नाही. पुढची स्पर्धा तालुक्याची आहे, पत्रिका अजून छापलेली नाही."

कोऱ्या गुणपत्रिकेच्या पाठीमागं मी तिथंच लिहिलं : ‘उच्चारशुद्धी’ हा रकाना काढावा, त्याजागी ‘स्पष्टता’ घालावी, दोन्ही गटांना, मराठी आणि इंग्रजी. बोलीतल्या उच्चारासाठी गुण कापू नयेत. खाली दोघा परीक्षकांच्या सह्या झाल्या. सरांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, मुख्याध्यापकांना पाठवला आणि मूळ कागद फाइलला लावला. तेवढ्यात कामशेतची जीप आली. तारीख घालायची राहिली होती, ती सरांनी घातली.