गेन कमी केलास, प्ले तसाच राहिला

चि. सुहास,


‘मॉडेल हेलिकॉप्टरच्या गायरोचा गेन उतरवला, टेलची थरथर थांबली, आता रविवारी उडवतो,’ असं तू मोठ्या विजयाने कळवलंस. थर्मामीटर झटकून ताप उतरवण्यातला हा प्रकार आहे! गायरो टेलचं वळण मोजतो आणि सर्व्होला हुकूम देतो; तो किती जोरात द्यायचा, ते गेन ठरवतो. सर्व्हो आणि टेलच्या पात्यामधल्या बॉल लिंकला प्ले, म्हणजे सैलपणा, असेल तर सर्व्हो हलतो, पण पातं क्षणभर जागचं हलत नाही. गायरो आणखी रेटतो आणि मग पातं गरजेहून जास्त वळतं. तुझी थरथर ती. टेलचा लिव्हर दहा मिलिमीटरचा धरला, तर पाव मिलिमीटर प्ले म्हणजे पात्याच्या कोनात जवळजवळ दीड अंश. गेन उतरवून यातलं काय कमी झालं? गायरो मवाळ झाला, एवढंच. स्क्रीनवर सेटिंग जमलं की सगळं जमलं, हा तुझा जुनाच हट्ट.

तू म्हणशील, भार आला की प्ले एका बाजूला दाबला जातो. स्थिर हॉवरमध्ये बऱ्याच अंशी खरं आहे. पण भाराची दिशा पालटली, की धातूचा बॉल प्लॅस्टिकच्या वाटीत दुसऱ्या बाजूला आपटतो. हे मुख्य रोटरलाही लागू: तो मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर त्याच्या लिंकवरचा भार सेकंदाला चाळीस वेळा कमीजास्त होतो. अशाने वाटी रुंदावत जाते आणि शेवटी लिंक निसटते. नवी लिंक घट्ट बसते आणि तीही हेलिकॉप्टरला डोलवते, हेही मान्य. पण ती रीमरने बेताची सैल करता येते, झिजलेली घट्ट करता येत नाही. आणि कृपा करून तेल घालू नकोस, त्यावर धूळ बसते नि पॉलिश पेपरचं काम करते. थ्रेडलॉकही धातूच्या आट्यांपुरतंच ठेव. प्लॅस्टिकला लागलं तर तडे जाऊ शकतात.

हुकूम पात्यापर्यंत पोचला नाही तर काय होतं ते बघ. 27 ऑक्टोबर 2018 ला इंग्लंडमधल्या लेस्टरच्या फुटबॉल मैदानावरून उडालेल्या खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये टेल रोटरचं बेअरिंग जाम झालं आणि कंट्रोल शाफ्ट लिव्हरपासून फिरत फिरत सुटला. पायलट पेडल दाबत होता, पात्यांपर्यंत काही पोचत नव्हतं. पाच माणसं गेली. तुझं मॉडेल लहान आहे, पण भोवती सोसायटीतली पोरं उभी असतात, आणि मला झोप लागत नाही ती त्यांच्यामुळे. तेव्हा सर्व्होपासून पात्यापर्यंत प्रत्येक लिंक बोटाने हलवून बघ, सैल असेल ती बदल. तोवर रविवार रद्द.

तुझा,
काका