पालथी ओंजळ

पुतण्याला अक्षरे मी शिकवली. मी एम. ए.ला होतो, तो सहा वर्षांचा. पहिली वेलांटी डावीकडे, दुसरी उजवीकडे, हे त्याला काही केल्या उमजेना. एकदा मी त्याच्या हातावर पट्टी मारली. वहिनींना ते अजून ठाऊक नाही.

गेल्या डिसेंबरात त्याच्याकडे कॅलिफोर्नियात गेलो, तर तो मला ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांत घेऊन गेला. मोटारसायकलसारख्या हँडलची, चार चाकांची त्याची एटीव्ही गाडी. साधे टायर त्या वाळूत कुचकामी. तिथे मागच्या टायरांना वल्ह्यासारख्या आडव्या, खोलगट रबरी पट्ट्या असतात. त्या ओंजळी-ओंजळीने वाळू मागे लोटतात. हवा कमीच ठेवायची, म्हणजे टायर पसरतो, रुतत नाही. शिवाय जमिनीपासून ८ फुटांवर झेंडा. टेकडीपलीकडच्याला दिसावा म्हणून.

“काका, मागची चाके तुम्ही बसवा.”

मी ऐटीत नट आवळले. पहिल्याच चढावर गाडी जागच्या जागी खड्डा खणू लागली! डावे चाक उजवीकडे, उजवे डावीकडे. ओंजळी साऱ्या पालथ्या.

पोरगा हसला नाही. फळी टाकून त्याने जॅक लावला, वाळूत गुडघे टेकले. “माथ्यावर ओंजळीचे तोंड पुढे हवे, काका. म्हणजे खाली आली की ती वाळू मागे ढकलते.” मला कळले नाही. त्याने चाक हाताने फिरवून पुन्हा सांगितले, सावकाश.

“तुला ती पट्टी आठवते का रे?”

“कुठली?” म्हणाला, आणि पाना माझ्या हातात दिला.