कपाट

शहापुरातलं आमचं घर विकायचं ठरलं तेव्हा जागा, वाटण्या, कागदपत्रं सगळं दोन बैठकांत मिटलं. अडलं ते कपाटापाशी. दादांचं पुस्तकांचं कपाट. सात फूट उंच, पाच फूट रुंद, अस्सल सागवान, दारांना काचा. टिळकवाडीतला नवा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टमध्ये चार माणसं शिरली की पाचव्याने जिना चढायचा. जिन्याच्या वळणावर मी स्वतः टेप लावून मोजलं. कपाट वळत नव्हतं.

"विकून टाक आणि नवीन घे," धाकटा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला. पुण्याहून सगळंच सोपं दिसतं.

जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला. त्याने दार उघडलंसुद्धा नाही. बाहेरूनच मापं घेतली, घनफूट काढले आणि आकडा सांगितला. आई आतल्या खोलीत होती. तिने चहा काही बाहेर पाठवला नाही. आमच्या घरात एवढा नकार पुरतो.

मग नव्या कपाटांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांत मी प्लायवूडचा निम्मा पंडित झालो. आठ बाय चारचा एक तक्ता म्हणजे बत्तीस चौरस फूट. ३०३ म्हणजे घरगुती, ७१० म्हणजे पाण्याला टिकणारं. आणि स्वस्तात मिळतं ते प्लाय नसून भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी, वर सागाच्या रेषा छापलेला कागद. अशा फळीचं चपलांचं एक कपाट आम्ही पूर्वी घेतलं होतं. बेळगावचा आषाढ त्याला सोसला नाही. खालची कड पाण्यात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगली. दुकानातला मुलगा मात्र बोटांनी टकटक वाजवून सांगत होता, "सर, दहा वर्षं बघायला नको." दादांच्या कपाटाला तेव्हा पन्नास होऊन गेली होती.

फेऱ्यांना कंटाळून एका रविवारी बायको म्हणाली, "कपाटाचं राहू दे. निदान आईंना बाल्कनीसाठी झाडं तरी घेऊया." शहापूरच्या परसात तुळशीवृंदावन होतं, अबोलीचे वाफे होते, कोपऱ्यात सोनचाफा. यातलं काहीच उचलून नेण्यासारखं नव्हतं. आम्ही आईला रिक्षात घालून खानापूर रोडवरच्या एका रोपवाटिकेत नेलं.

मी मराठीत विचारत होतो, तो माणूस कन्नडमिश्रित हिंदीत उत्तरं देत होता; आपल्याकडे व्यवहार असेच होतात आणि कुणाचं काही अडत नाही. त्याने सोनचाफ्याचं एक रोप पुढे केलं. कलम आहे, वर्षात फुलेल म्हणाला. आई वाकली, अंगठ्याने बुंध्याची माती पुसली, कलमाचा जोड शोधला. हिरवीगार फूट होती ती जोडाच्या खालून आलेली होती. वरची कलमाची काडी केव्हाच वाळली होती. म्हणजे वाढणार ते खालचं रायवळ झाड, फुलं यायची आणखी सात-आठ वर्षांनी. आई ताठ उभी राहिली आणि त्या माणसाशी बोलू लागली. कन्नडमध्ये. अडखळत नव्हे, भाषांतर करून नव्हे. नळ सोडावा तसं. कलमाला 'कसी', अबोलीला 'अब्बलिगे'. किंमत ऐकून शेवटी हात झटकून म्हणाली, "भाळ तुट्टी आतपा!" फार महाग झालं बाबा. तो माणूस हसत सुटला, तिला 'अव्वा' म्हणाला आणि आतल्या बाजूने दुसरं रोप घेऊन आला.

मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. पन्नाशी उलटलेल्या मी आईला सलग चार वाक्यं कन्नड बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

आईचं माहेर गोकाकचं. घरी मराठी, पण गल्ली, शाळा, मैत्रिणी सगळं कन्नड. दादा मराठी शाळेत मास्तर आणि सीमाप्रश्नात आकंठ बुडालेले. १९८२ ची गोकाक चळवळ झाली ती विनायक कृष्ण गोकाक यांच्या समितीच्या अहवालावरून. गोकाक गावाचा तिच्याशी संबंध आडनावापुरता. पण आमच्या घरी येणारी मंडळी गमतीने आईला म्हणत, "काय वहिनी, तुमच्या गावाने घोळ घातला!" आई हसायची. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात दादा चार दिवस आत होते. तेव्हा मामा भेटायला आला आणि दारातच आईशी सवयीने कन्नड बोलला. ओसरीवर दहा माणसं बसली होती. कोणी काही म्हटलं नाही. मामा चहा न घेता गेला, आणि पुढे सणावारीच येत राहिला. दादांच्या बाजूने मी आजही उभा आहे. मुलाला त्याच्या भाषेत शाळा मिळावी यात चूक ते काय? पण त्या संध्याकाळी आईने काय गिळलं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

रोपवाटिकेतून परतताना रिक्षात आई म्हणाली, "कपाटासाठी बडिगेर बघ. कपाट मोडत नाहीत, सोडवतात."

बडिगेर म्हणजे सुतार. वडगावातून एक जण आला, तिशीतला. त्याने कपाट पाठीमागून निरखलं आणि कानशिलाला हात लावला. सबंध चौकटीत खिळा नव्हता. कुसू घालून लाकडी मेखा ठोकलेल्या. एकेक मेख त्याने हलक्या हाताने बाहेर काढली. पहिली फळी सुटली तेव्हा जोडाच्या आत, जिथे पन्नास वर्षांत उजेड गेला नव्हता, पटाशीने कोरलेला आकडा दिसला. मग दुसऱ्या फळीवर, तिसऱ्या. कुठली फळी कुठे बसायची याच्या खुणा. सगळे आकडे कन्नड.

मी आईकडे पाहिलं.

"सुतार गोकाककडचाच होता," ती म्हणाली. "दादा शाळेत असायचे. लाकूड कुठलं, खण किती, सगळं मीच बोलले त्याच्याशी."

"दादांना माहीत होतं?"

"पैसे त्यांनीच दिले की."

नव्या घरात कपाट उभं करायला पुरा दिवस गेला. आई खुर्ची टाकून समोर बसली आणि फळ्या पाहून आकडे सांगत गेली: वंदु, यरडु, मूरु... बडिगेर त्या क्रमाने बसवत गेला. दोन मेखा झिजल्या होत्या, त्या त्याने बाभळीच्या नव्या केल्या. संध्याकाळी समितीच्या पत्रकांचे गठ्ठे पूर्वीसारखे वरच्या खणात गेले.

बडिगेरने मजुरी सांगितली. मी पाकीट काढत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "भाळ तुट्टी आतपा!"

त्याने दोनशे कमी केले.