काळ्या अरण्यातील पांढरा घाट

काळे अरण्य, म्हणजे इंग्रजीतले ब्लॅक फॉरेस्ट, म्हटले की आपल्या घराघरांतून प्रथम वाढदिवसाचा केक डोळ्यांपुढे येतो. वाचकांना त्याबद्दल बोल लावण्याचे कारण नाही. या अरण्याची ओळख आपल्याला भूगोलाच्या शिक्षकांपेक्षा बेकरीवाल्यांनीच अधिक करून दिली. अरण्य मात्र खरोखरीचे आहे. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ते डोंगर चढत, उतरत पसरले आहे, आणि त्याच्या माथ्यावरून फ्रॉयडनश्टाट ते बाडेन-बाडेन असा सुमारे साठ किलोमीटरांचा एक रस्ता जातो. उन्हाळ्यात हौशी मोटारवाल्यांची तिथे जत्रा असते. आम्ही गेलो ते डिसेंबरात, आणि तेही दोनच माणसे बसतील अशा, मागच्या चाकांवर चालणाऱ्या एका चिमुकल्या स्पोर्ट्‌स मोटारीतून.

मोटार माझ्या भाच्याची. तो श्टुटगार्टला नोकरी करतो. जुनी माझ्दा त्याने हौसेने घेतली होती. वजन टनभर, छत कापडाचे, बूड रस्त्याला लागेल इतके खाली. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, मला निघताना एक कामगिरी सांगून ठेवली होती : सूनबाईला मार्चमध्ये दिवस पूर्ण होताहेत, तेव्हा ते दोन खुर्च्यांचे खेळणे विकायला त्याला तयार कर. ताईचा शब्द आमच्या घरात सहसा खाली पडत नाही. पण ज्याच्या शेजारी बसून डोंगर ओलांडायचा, त्याला वाटेतच उपदेश कसा करायचा, या विवंचनेत मी पट्टा बांधला.

मागच्या चाकांवरची मोटार म्हणजे काय, हे मला त्याने फ्रॉयडनश्टाटच्या चौकात कॉफी पिता पिता समजावून सांगितले. (हे गाव १५९९ साली वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने वसवले, आणि त्याचा आराखडा चक्क आपल्या नवकंकरीच्या पटासारखा आहे! मधोमध भला मोठा चौक आणि त्याभोवती एकात एक घरांच्या रांगा. १९४५ साली हे गाव जळाले, पण लोकांनी ते पुन्हा त्याच पटावर उभे केले.) बहुतेक साध्या मोटारी बैलगाडीसारख्या असतात, ओढणारा पुढे. इंजिनाचे वजनही त्याच चाकांवर पडते, त्यामुळे ती बर्फातही बऱ्यापैकी रस्ता धरतात. भाच्याची मोटार हातगाडीच्या जातीची. ढकलणारा मागे, आणि दिशा ठरवणारी चाके पुढे. ढकलणाऱ्याचा पाय घसरला की गाडीचे शेपूट भलतीकडे जाते, आणि शेपूट गेले की तोंडही वळते.

"मग पोर्शेवाले काय करतात?" मी विचारले. आदल्याच दिवशी त्झुफेनहाउझनचे त्यांचे संग्रहालय पाहून आल्यामुळे माझ्या अंगात ज्ञान संचारले होते.

"त्यांनी इंजिनच मागच्या चाकांच्याही मागे ठेवले, मामा. ढकलणाऱ्याच्या डोक्यावर पोते ठेवावे तसे. म्हणून तर १९६८, १९६९ आणि १९७० अशी तीन वर्षे लागोपाठ मॉन्टे कार्लोची शर्यत त्यांनी जिंकली. ती जानेवारीत होते, आल्प्सच्या घाटांतून."

पण खरी मदार टायरांवर. साध्या टायरचे रबर थंडीत लाकडासारखे ताठ होते. सात अंशांच्या खाली पारा गेला की त्याची पकड ढिली पडू लागते असे इथे सर्रास सांगतात. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. 'ओ बिस ओ' असे इथल्या लोकांचे एक सूत्रच आहे : ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर, हे टायर चढवलेले असावेत. रस्त्यावर बर्फ असताना ते नसले तर दंड होतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर डोंगर आणि हिमकण यांचे चिन्ह असलेच पाहिजे. आपल्याकडे टायर गुळगुळीत झाला की "अजून एक पावसाळा काढेल" म्हणतात, त्याची मला इथे आठवण झाली.

चढ सुरू झाला. क्नीबिसच्या पुढे झाडे पांढरी झाली, आणि रस्त्याच्या कडेला उंच काठ्या दिसू लागल्या. बर्फ साचून कडा दिसेनाशी झाली म्हणजे रस्ता कुठे संपतो ते सांगायला त्या रोवलेल्या असतात. चढावर वजन मागे जाते, त्यामुळे मागून ढकलणारी मोटार इथे उलट फायद्यात असते, फक्त पाय हळू हवा. भाचा ॲक्सिलरेटरवर पाय ठेवत होता तो बाळाच्या पाळण्याला झोका द्यावा तसा. ज्या मोटारीची सारी कीर्ती धावण्यात, ती चाळीसच्या वेगाने चालली होती, आणि एक दुधाची गाडी आम्हांला मागे टाकून गेली! त्याला त्याचे काही वाटले नाही. मला मात्र थोडे वाटले.

रूहेश्टाइनच्या अलीकडे एक उघडे रान लागते. २६ डिसेंबर १९९९ रोजी लोथार नावाचे वादळ इथून गेले आणि त्याने या जंगलाची नासधूस केली. एका तुकड्यातली पडलेली झाडे मुद्दाम तशीच ठेवली आहेत, आणि त्यांच्यातून आता नवी रोपे उठली आहेत. त्या बर्फात ओंडके निजल्यासारखे पडले होते. पुढे मुमेलझे हे तळे, हजार मीटरांहून अधिक उंचीवर. तळ्यात जलपऱ्या राहतात अशी दंतकथा आहे. त्या दिवशी त्या बर्फाच्या झाकणाखाली असाव्यात. आम्ही चहा घेतला आणि चार वाजता निघालो, कारण साडेचारला इथे अंधार पडतो.

मुमेलझेपासून बाडेन-बाडेनपर्यंत सुमारे आठशे मीटरांचा उतार आहे. आपल्या घाटांतले जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. मी ते सुभाषित मोठ्या थाटात ऐकवले. भाचा म्हणाला, "खरे आहे, मामा, पण अर्धेच. या मोटारीत इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्याच चाकांना लागतो. बर्फात खालचा गिअर टाकून क्लच झटकन सोडला, तर ती चाके क्षणभर अडतात आणि घसरतात. ब्रेक दाबल्यासारखेच ते. आणि कोरड्या डांबरावर पन्नासच्या वेगातून बारा-चौदा मीटरांत उभी राहणारी मोटार दाबलेल्या बर्फावर त्याच्या तिप्पट जागा मागते. निखळ बर्फावर तर विचारू नका."

हुंड्सएक गेले, झांड गेले. पुढे झाडांच्या सावलीत एक उजवे वळण होते. दिवसा वितळलेले पाणी तिथे पुन्हा गोठले होते. त्याने दुसरा गिअर टाकला, आणि मला पाठीखाली एक विलक्षण हलकेपणा जाणवला. मोटारीचे शेपूट डावीकडे, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला, सरकू लागले होते. त्याच वेळी वळणाच्या पलीकडून नारिंगी दिवा उघडझाप करीत बर्फ ढकलणारी गाडी वर येत होती. तिचे ते लोखंडी पाते माझ्या आजही डोळ्यांपुढे आहे.

ब्रेक दाब, असे मी ओरडलो की नुसते मनात म्हणालो, ते आता सांगता येत नाही. त्याने ब्रेकला पायही लावला नाही. क्लच दाबून मागची चाके मोकळी केली, स्टिअरिंग ज्या बाजूला शेपूट चालले होते त्याच बाजूला, डावीकडे, वीतभर फिरवले, आणि त्या पात्याकडे न पाहता वळणाच्या शेवटाकडे पाहत राहिला. शेपूट थांबले, परत आले. त्याने स्टिअरिंगही तितक्याच हळू सरळ केले. घसरण आवरणारी विजेची यंत्रणाही मोटारीत होती, तिचा पिवळा दिवा दोनदा लुकलुकला. बर्फवाल्याने जाता जाता हात वर केला. सारे तीन सेकंदांत आटोपले असेल.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग तोच म्हणाला, "क्लच घाईने सुटला. हे तुम्ही आईला सांगणार असाल तर तेवढेही सांगा."

"सांगणार नाही," मी म्हटले.

"आणि दुसरे एक सांगा. फेब्रुवारीत विकतोय. गिऱ्हाईक पाहून ठेवले आहे. हा तिचा माझ्याबरोबरचा शेवटचा हिवाळा, म्हणून तुम्हांला घेऊन आलो."

म्हणजे माझी कामगिरी माझ्यावाचूनच पार पडली होती! मला आनंद व्हायला हवा होता. पण चार तास त्या ठेंगण्या खुर्चीत काढल्यानंतर ताईचा निरोप मला जरा परका वाटू लागला होता, हे इथे नमूद करतो. ताई हा अंक वाचते, याची मला कल्पना आहे.

बाडेन-बाडेनला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. इथले झरे अडुसष्ट अंशांपर्यंत उष्ण आहेत; रोमन लोकही त्यांत डुंबत असत. माझा जीव त्या पाण्याकडे धावत होता. पण भाच्याने मोटार आधी पेट्रोल पंपावरच्या धुण्याच्या जागी नेली. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खाते. कोटाच्या बाह्या सरसावून तो चाकांच्या आतल्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारू लागला. पांढरे खारट पाणी वाहत गटारात चालले.

"दोन महिन्यांत दुसऱ्याची होणार ना ती?" मी विचारले.

"हो," तो वाकून मागच्या चाकाखाली पाहत म्हणाला, "मामा, जरा ती नळी धरा इकडे. या कोपऱ्यात अजून आहे."